चालू नोकरीतली उमेदवारी: जुन्या कामगाराला पुढचं काम कसं शिकवावं

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत फिरा, एखाद्या तरी गेटवर ‘सीएनसी सेटर पाहिजे’ अशी पाटी लागलेली असते. सेटर म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर टूल आणि जॉब (घडवायचा नग) लावून ती कामाला तयार करणारा. तो मिळतो, चार-सहा महिने टिकतो आणि पुण्याकडे किंवा कोल्हापूरच्या शिरोलीला निघून जातो. त्याच शॉपमध्ये दहा वर्षं जॉब लावणारा-काढणारा ऑपरेटर मात्र जागेवरच असतो. त्याचं घर येळ्ळूरला किंवा कडोलीला, थोडी भातशेती, पोरं शाळेत. तो कुठं जाणार नाही. त्याला सेटर करावं हे कुणाच्या मनात येत नाही, कारण शिकाऊ म्हटलं की डोळ्यांसमोर आयटीआयमधून नुकता बाहेर पडलेला विशीतला पोरगाच येतो.

उमेदवारी तेविसाव्या वर्षी करता येते तशी अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही करता येते. फक्त तिला उमेदवारीसारखं चालवावं लागतं. शिकणारा कोण, शिकवणारा कोण, काम कोणतं, आठवडे किती, शेवटची परीक्षा काय आणि पास झाल्यावर पद-पगार काय, या सहा गोष्टी पहिल्या दिवसाआधी कागदावर असल्या तर ती उमेदवारी. ‘जा, त्याच्याजवळ उभा राहून बघ’ एवढ्यावर सोडलेली माणसं पंधरा-पंधरा वर्षं हेल्परच राहतात. दोन दिवसांच्या वर्गाचाही इथं फारसा उपयोग नाही, कारण वर्गातलं ज्ञान मशीनवर उतरेपर्यंत पहिली पाळी संपलेली असते.

कायद्याची बाजू आधी मिटवा

इथं एक घोळ नेहमी होतो, म्हणून हे पहिल्यांदा. अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट १९६१ खालचा शिकाऊ वेगळा आणि तुमच्या हजेरीपटावरचा कामगार वेगळा. कायद्यातल्या शिकाऊचा करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवावा लागतो, त्याला पगाराऐवजी स्टायपेंड मिळतो आणि कायद्याच्या लेखी तो प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के असे शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या शॉपला ते ऐच्छिक आहे. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार थेट शिकाऊच्या खात्यात भरतं. नव्या पोरांसाठी ही योजना जरूर वापरा.

पण कायम कामगाराला ‘आता तू अप्रेंटिस’ म्हणून त्या यादीत टाकू नका. त्याचा पगार, पीएफ, ईएसआय (कामगार विमा), रजा, नोकरीची सलगता यातलं काहीही हलता कामा नये. त्याची उमेदवारी म्हणजे कंपनीची अंतर्गत व्यवस्था. तिला एका पानाचं पत्र पुरतं, त्यावर मालक किंवा मॅनेजर, शिकणारा आणि शिकवणारा अशा तीन सह्या. पत्र ज्या भाषेत शिकणारा सहज वाचतो त्या भाषेत काढा. बेळगावच्या शॉपमध्ये निम्मी माणसं मराठी आणि निम्मी कन्नड वाचणारी असतील तर दोन्ही प्रती काढायला अर्धा तासही लागत नाही. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं, कोऱ्या कागदावर सही घेणं, ‘दोन वर्षं सोडून जाणार नाही’ म्हणून पोस्ट-डेटेड चेक घेणं, यातलं काहीही करू नका. असल्या अटींखाली आलेला माणूस शिकतानाच दार शोधायला लागतो.

पगारवाढ ठरवताना ईएसआयकडे लक्ष द्या. मर्यादा महिना २१,००० रुपयांची आहे. २०,२०० वर असलेल्या माणसाला सेटर म्हणून २२,००० दिले की चालू अंशदान-कालावधी (एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च) संपल्यावर तो योजनेबाहेर पडतो आणि काही महिन्यांनी घरच्यांचं औषधपाणीही त्यातून सुटतं. ज्याच्या घरी म्हातारी आई डायलिसिसवर आहे त्याला १,८०० रुपयांची ही वाढ तोट्याची ठरू शकते. हे आधी सांगा, आणि वाढीसोबत कुटुंबाच्या आरोग्यविम्याचा हप्ता कंपनीनं भरायचा की कसं, ते त्याच पत्रात लिहा.

एकच पायरी, आणि तिचे तुकडे

‘सगळं शिकव’ असं म्हटलं की काहीच शिकवलं जात नाही. आत्ताच्या कामाच्या वरची एकच पायरी घ्या: हेल्परचा ऑपरेटर, ऑपरेटरचा सेटर, मोल्डरचा (वाळूचे साचे करणाऱ्याचा) सॅण्ड-लॅब तंत्रज्ञ, स्टोअर क्लार्कचा प्लॅनिंग असिस्टंट. मग त्या कामाचे १२ ते २० तुकडे करा. प्रत्येक तुकडा असा हवा की तो येतो की नाही हे अर्ध्या तासात बघून सांगता येईल. ‘ऑफसेट समजणं’ हा तुकडा नव्हे. ‘इन्सर्ट बदलून, वेअर ऑफसेट दुरुस्त करून पुढचा जॉब मापात काढणं’ हा तुकडा. (इन्सर्ट म्हणजे टूलची बदलता येणारी धार, वेअर ऑफसेट म्हणजे झिजेप्रमाणे टूलच्या मापात केलेली बारीक दुरुस्ती.)

सीएनसी लेथच्या सेटरची यादी साधारण अशी होते: ड्रॉइंग वाचणं आणि रिव्हिजन तपासणं; सॉफ्ट जॉ (चकमधले जॉब पकडणारे मऊ जबडे) बोअर करणं; चकचं (जॉब धरून फिरवणाऱ्या भागाचं) प्रेशर जॉबच्या जाडीप्रमाणे ठरवणं; डायल लावून रनआउट (फिरताना जॉबची डगमग) ०.०२ मिमीच्या आत आणणं, टूल सेंटरला लावणं, जॉमेट्री घेणं (प्रत्येक टूलची जागा मशीनला देणं), वर्क झीरो (मापांचा जॉबवरचा शून्य बिंदू) घेणं, नोज रेडिअस (टूलच्या टोकाची गोलाई) भरणं, प्रोग्रॅम बोलावून ड्राय रन (न कापता चालवून बघणं), पहिला जॉब, मोजमाप, वेअर दुरुस्ती, इन्सर्टचं आयुष्य ठरवणं, पहिल्या जॉबचा रिपोर्ट भरणं, पुढच्या पाळीला ताबा देणं. पंधरा झाले.

यातले चार तुकडे बाकीच्या अकरांपेक्षा महाग पडतात, म्हणून त्यांना दुप्पट वेळ द्या.

पहिला म्हणजे सॉफ्ट जॉ. जॉ नेहमी दाबाखालीच, आत रिंग धरून बोअर करायचे, आणि ज्या प्रेशरवर जॉब धरणार त्याच प्रेशरवर. मोकळ्या चकवर बोअर केलेले जॉ जॉब धरताना तोंडाकडे उघडतात, मग रनआउट कितीही ठोकलं तरी जात नाही. शिकणारा अशा वेळी जॉबला दोष देतो आणि हातोडी घेतो.

दुसरा म्हणजे वेअर ऑफसेटची दिशा. पहिला जॉब काढताना थोडं मटेरिअल राखून ठेवायचं असतं, साधारण ०.३ मिमी. बाहेरच्या व्यासाला राखायचं तर अधिक ०.३, बोअरला राखायचं तर उणे ०.३. ऑपरेटर वर्षानुवर्षं फक्त बाहेरचा व्यास सांभाळत आला असेल तर बोअरलाही अधिकच टाकतो आणि पहिलाच जॉब मोठा होऊन भंगारात जातो. कागदावर टूल आणि जॉबचं चित्र काढून, एक्स अधिक म्हणजे टूल कुठं सरकतं, हे त्याच्याच हातानं बाण काढून दाखवायला लावा. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी उलटं होतं.

तिसरा, ‘इनपुट’ आणि ‘अधिक इनपुट’ या दोन कळांतला फरक. एक कळ जुना आकडा पुसून नवा लिहिते, दुसरी जुन्यात मिळवते. जॉमेट्रीच्या पानावर ही चूक झाली की टर्रेट (टूल धरणारं फिरतं डोकं) थेट चकवर.

चौथा, दशांश बिंदू. फानुक कंट्रोलवर (मशीनच्या संगणकावर) सर्वसाधारण सेटिंग असेल तर बिंदू न देता लिहिलेले ५ म्हणजे ५ मिमी होत नाहीत, ०.००५ मिमी होतात. काही मशीनवर हे सेटिंग बदललेलं असतं, म्हणून एका मशीनवर शिकलेला दुसऱ्या मशीनवर फसतो. सवयच अशी लावा की बिंदू नेहमी टाकायचा: ‘५.’ असा.

हे चारही तुकडे शिकवताना सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ) चालू, रॅपिड (टूलची जलद चाल) २५ टक्क्यांवर, आणि पहिल्या फेरीत वर्क झीरो झेडमध्ये चकपासून १०० मिमी बाहेर सरकवून हवेत चालवा. शिकणाऱ्याचा हात फीड-होल्डवर (टूलची चाल थांबवणाऱ्या कळीवर), गुरूचा हात इमर्जन्सीवर.

फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) हिशेब जरा वेगळा असतो. वीस वर्षांचा मोल्डर वाळू मुठीत दाबून, मोडून, तिची ओल सांगतो. त्याला लॅब शिकवायची तर ‘ते जुनं विसर’ म्हणू नका, त्याच्या मुठीलाच आकडा जोडा. प्रत्येक नमुन्याआधी त्यानं अंदाज लिहायचा: ओल किती टक्के, कॉम्पॅक्टिबिलिटी (वाळू किती दबते) किती. मग ५० मिमी व्यासाच्या नळीत वाळू भरून तीन ठोके देऊन ५० मिमी उंचीचा नमुना करायचा आणि ओल, कॉम्पॅक्टिबिलिटी, परमिअ‍ॅबिलिटी (वाळूतून हवा किती जाते), ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची मजबुती) मोजून अंदाजाशेजारी लिहायचं. ग्रीन सॅण्डची (साच्याच्या ओल्या वाळूची) ओल साधारण ३ ते ४ टक्क्यांत खेळते, त्यामुळे अर्ध्या टक्क्याची चूकही ठळक दिसते. असे ४० नमुने झाले की दोन रकाने जवळ यायला लागतात. पुढची पायरी म्हणजे आकड्याला दोषाशी जोडणं: ओल जास्त आणि परमिअ‍ॅबिलिटी कमी असेल तर ब्लो-होल (वायूनं पडलेली पोकळी), बाँड कमी असेल तर सॅण्ड इन्क्लुजन (धातूत अडकलेली वाळू). लॅबमध्ये थेट आलेला पदवीधर इथं अडखळतो. मोल्डर अडखळत नाही, कारण दोष त्यानं हजारदा डोळ्यांनी पाहिलेला असतो.

भट्टीवरची उमेदवारी मात्र घाईत करू नका. ओला किंवा बंद तोंडाचा स्क्रॅप द्रवात गेला की पाण्याची वाफ होते, आकारमान सुमारे १,६०० पट वाढतं आणि धातू उसळून बाहेर येतो. म्हणून पहिले चार आठवडे फक्त स्क्रॅप निवडणं, वाळवणं, लॅडल (वितळलेला धातू न्यायचं भांडं) तापवणं आणि थंड भट्टीवर हालचालींचा सराव. एसजी आयर्नमध्ये (मॅग्नेशिअम घालून चिवट केलेल्या बिडात) मॅग्नेशिअम ट्रीटमेंटनंतर त्याचा परिणाम ओसरत जातो, धातू साधारण दहा मिनिटांत ओतून संपला पाहिजे. तेव्हा साच्यांची रांग, क्रेन आणि माणसं कुठं उभी राहणार याची रंगीत तालीम धातूशिवाय करून घ्या, घड्याळ लावून.

पॅटर्न शॉपमध्ये (साच्याचे नमुने बनवण्याच्या विभागात) उमेदवारी दोन्ही बाजूंनी चालवता येते. पन्नाशीच्या पॅटर्नमेकरला ग्रे आयर्नला मीटरमागे साधारण १० मिमी आणि स्टीलला सुमारे २० मिमी आटणं धरायचं हे पाठ असतं, कुठल्या कोपऱ्यात ड्राफ्ट (नमुना सुटण्यासाठीचा उतार) कमी पडून साचा फाटणार हे तो लाकडाकडे बघून सांगतो. पंचविशीच्या डिप्लोमावाल्याला कॅड येतं, पण तो मशिनिंग अलाउन्स (नंतर कापायला राखायचं मटेरिअल) ठेवायला विसरतो. दोघांना सहा महिने एकमेकांचे शिकाऊ करा: सोमवारी एक गुरू, गुरुवारी दुसरा. दोघांची पत्रं वेगळी, परीक्षाही वेगळी.

कारखान्याबाहेरही हेच. वडगाव-शहापूरच्या मागावर विणकराला जॅकार्डची दुरुस्ती, निपाणी-चिकोडीकडच्या साखर कारखान्यात फिटरला इन्स्ट्रुमेंटेशन, ऑफिसात डिस्पॅच क्लार्कला एक्सपोर्टची कागदपत्रं. तुकडे पाडण्याची रीत बदलत नाही.

तास कुठून आणायचे

बहुतेक उमेदवाऱ्या इथंच मरतात. साधा आकडा धरा: आठवड्याला ८ तास, २४ आठवडे, म्हणजे १९२ तास. ४८ तासांच्या आठवड्याचा हा सहावा भाग. हे तास उत्पादनाच्या प्लॅनमधून आधीच वजा झाले पाहिजेत. ‘काम झाल्यावर शिक’ असं म्हणाल तर काम कधीच होत नाही.

समजा जॉबची सायकल ६ मिनिटांची आहे, म्हणजे तासाला १० नग. शिकण्याच्या ८ तासांत ८० ऐवजी ४० निघतील असं धरा. आठवड्याला ४० नगांची तूट, २४ आठवड्यांत ९६०. हा आकडा प्लॅनिंगच्या शीटवर, शिकणाऱ्याच्या नावासमोर लिहून टाका. लिहिला नाही तर तिसऱ्या आठवड्यात सुपरवायझरला तूट दिसते, कारण दिसत नाही, आणि तो शिकणाऱ्याला परत जुन्या मशीनवर ढकलतो. त्याची चूक नसते. त्याला टार्गेट कमी करून दिलेलंच नसतं.

ओव्हरटाइममध्ये किंवा पाळी संपल्यावर शिकवू नका. दमलेला माणूस ऑफसेटची चिन्हं उलटी टाकतो, आणि पाच वाजता त्याला किणये किंवा खानापूरची बस गाठायची असते. मंगळवार आणि गुरुवार, पाळीचे पहिले चार तास, हे बहुतेक शॉपना जमतं. सोमवारी गैरहजेरी जास्त, शनिवारी सफाई आणि डिस्पॅच. महिन्याचा शेवटचा आठवडा डिस्पॅचचाच असतो, तेव्हा ८ तासांऐवजी ४ धरा आणि उरलेले ४ पुढच्या आठवड्यात घाला, पण कॅलेंडरवर तसं लिहूनच.

सुरुवात कधी करायची यालाही महत्त्व आहे. गणपती, दसरा, दिवाळी आणि लगेच भाताची सुगी. या काळात निम्मं शॉप रजेवर. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरुवात केली तर २४ आठवडे मे महिन्याच्या मध्यापर्यंत पुरे होतात, पेरणीच्या आधी. गावच्या यात्रांच्या तारखा शिकणाऱ्यालाच विचारून वगळा.

इन्सेंटिव्हचं काय? शिकण्याच्या तासांत नग कमी निघणार, म्हणजे इन्सेंटिव्ह बुडणार, म्हणजे घरचा हप्ता चुकणार. मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढा आणि उमेदवारी संपेपर्यंत तेवढा इन्सेंटिव्ह ठरलेला द्या. एवढं केलं नाही तर चांगले ऑपरेटर नाव देत नाहीत, आणि मग ‘आमच्या माणसांना शिकायचंच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

सरावाला मटेरिअल लागतं. त्यासाठी ब्लो-होलमुळे रिजेक्ट झालेली कास्टिंग्ज बाजूला ठेवा; सेटिंगच्या सरावाला ती पुरतात. आल्याबरोबर त्यांच्यावर पिवळा पट्टा मारा आणि कुलपात ठेवा. पट्टा न मारलेला सरावाचा जॉब चांगल्या लॉटमध्ये मिसळून ग्राहकाकडे गेला की उमेदवारीचंच नाव बद्दू होतं. पहिले आठ आठवडे असा सराव, पुढचे आठ नेहमीच्या जॉबवर, शेवटचे आठ नव्या जॉबवर.

शिकवणारा

सगळ्यात हुशार सेटर हा चांगला शिकवणारा असेलच असं नाही. त्याच्या हाताला जे आपोआप येतं ते त्याला शब्दांत सांगता येत नाही. निवडीआधी एक चाचणी घ्या: एखाद्या हेल्परला मायक्रोमीटर वाचायला १५ मिनिटांत शिकवायला सांगा आणि बघत राहा. जो हेल्परच्या हातात मायक्रोमीटर देऊन स्वतः मागे सरकतो तो घ्या. जो पूर्ण वेळ स्वतःच्या हातात धरून बोलतो तो नको. एका गुरूमागे दोनापेक्षा जास्त शिकणारे देऊ नका.

गुरू हातचं राखून शिकवतो ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. राखतो, कारण त्याला भीती असते की शिकलेला आला की आपली गरज संपली. ही भीती तोंडी आश्वासनानं जात नाही. त्याच्या पत्रात दोन ओळी लिहा: शिकणारा पास झाल्यावर याचं पद आणि पगार कमी होणार नाही, आणि शिकवण्याचा भत्ता दर महिन्याला इतका. भत्त्याचा अर्धा भाग दरमहा, अर्धा शिकणारा पास झाल्यावर. पूर्ण रक्कम शेवटी ठेवली तर गुरू कच्च्या माणसालाही पास करायला बघतो, म्हणून परीक्षा घेणारा तिसराच हवा.

शिकवण्याची रीत चार पावलांची. गुरू गप्प राहून, नेहमीच्या वेगानं करून दाखवतो. मग सावकाश, प्रत्येक पावलाला ‘हे का’ सांगत करतो. मग शिकणारा तोंडानं पाऊल सांगतो आणि गुरू त्याप्रमाणे हात चालवतो; चूक इथं तोंडावाटे बाहेर येते, मशीनवर नव्हे. शेवटी शिकणारा सांगत-सांगत स्वतः करतो. तिसरं पाऊल सगळे गाळतात. टर्रेट आपटण्याचे बहुतेक प्रसंग तिथूनच सुरू होतात.

भाषेचं आधी ठरवून घ्या. एकच वाळू, तिला कुणी रेती म्हणतं, कुणी उसुकु, कुणी सॅण्ड. ‘ऑफसेट’, ‘रनआउट’, ‘जॉ’ हे शब्द सगळ्यांचे सारखेच असतात, त्यांना भाषांतर नको. पण मराठी ‘थांब’ आणि कन्नड ‘निल्सु’ हे दोन्ही शब्द गुरूला आणि शिकणाऱ्याला आले पाहिजेत, आणि ते ऐकल्यावर कारण न विचारता हात उचलायचा हा पहिल्या दिवसाचा धडा. मशीनवर लावायचं कार्ड दोन्ही लिप्यांत, एका कार्डावर सातपेक्षा जास्त ओळी नकोत.

गुरू अठ्ठाविशीचा आणि शिकणारा पंचेचाळिशीचा असेल तर बोलण्याची रीतही सांभाळावी लागते. गुरूनं ‘मामा, जरा हे बघा’ असं म्हणायचं, ‘ए’ नाही. चूक सांगायची तर टूल-क्रिबमध्ये (टूलच्या खोलीत) नेऊन, हेल्परांसमोर नाही. मोठ्या वयाच्या माणसाला चुकीपेक्षा चारचौघांतला अपमान जास्त लागतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तो प्रश्न विचारायचं बंद करतो.

चाळिशीनंतर

मोठ्या वयाच्या शिकणाऱ्याला ‘डोक्यात शिरत नाही’ असं म्हटलं जातं तेव्हा पुष्कळदा प्रश्न डोळ्यांचा असतो. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं, ०.०२ मिमीच्या व्हर्निअरवरच्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि माणूस अंदाजानं वाचायला लागतो. सुरुवातीलाच डोळे तपासून चाळिशीचा चष्मा करून द्या आणि मोजमापाच्या टेबलावर चांगला दिवा लावा. शिकण्याच्या काळात डिजिटल व्हर्निअर द्यायला हरकत नाही. चष्म्यावरून सेफ्टी गॉगल बसतो का तेही बघा. बसत नसेल तर नंबरचा सेफ्टी गॉगल करून घ्या.

दुसरी अडचण गणिताची. दहावी सोडून तीस वर्षं झाली, उणे आकड्यांची बेरीज म्हटली की अंगावर काटा. त्यासाठी वेगळा वर्ग नको. दोन आठवडे रोज दहा मिनिटं, त्याच्याच जॉबची मापं घेऊन: ५२.०३ मापलं, ५२.०१ हवं, ऑफसेटमध्ये किती टाकाल? तीस वर्षं बाजारात हिशेब केलेला माणूस हे लवकर पकडतो, फक्त त्याला एक्स-वाय असं लिहून घाबरवू नका.

वही आणि परीक्षा

शंभर पानी वही, एका तुकड्याला चार पानं. डाव्या पानावर शिकणाऱ्यानं स्वतःच्या शब्दांत पावलं लिहायची, मराठीत, कन्नडमध्ये, चित्रं काढून, कशीही. उजव्या पानावर तारीख, तास, काय चुकलं, का चुकलं, गुरूची सही. ‘का चुकलं’ हा रकाना रिकामा असेल तर सही करायची नाही. भिंतीवरच्या तक्त्यात प्रत्येक तुकड्यापुढे एक गोल. पाहिलं की पाव भरायचा, मदतीनं केलं की अर्धा, एकट्यानं केलं की पाऊण, दुसऱ्याला शिकवता आलं की पूर्ण.

दर सहा आठवड्यांनी छोटी परीक्षा, शेवटी मोठी. सेटरची मोठी परीक्षा अशी ठेवा: कधी न लावलेला जॉब, ड्रॉइंग, प्रोग्रॅम आणि रिकामा टर्रेट, वेळ ९० मिनिटं. बोअर ५२ एच७ (ड्रॉइंगवर मापाची सूट सांगणारी खूण) असेल तर माप ५२.००० ते ५२.०३० मध्ये हवं. पहिला जॉब आणि त्यानंतरचे सलग तीन मापात आले पाहिजेत, रिपोर्टसह. शिवाय एक चूक मुद्दाम पेरून ठेवा, जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग किंवा ०.८ च्या जागी ०.४ रेडिअसचा इन्सर्ट. ती पकडली नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही नापास; तीन आठवड्यांनी पुन्हा. परीक्षक दुसऱ्या पाळीचा सेटर किंवा क्वालिटीचा माणूस.

बाहेरचा कागदही मिळवता येतो. उद्यमबागेतलं गव्हर्नमेंट टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटर, सरकारी आयटीआय आणि पूर्वानुभवाला मान्यता देणाऱ्या आरपीएल चाचण्या, यांच्याकडे चौकशी करून उमेदवारीचे तुकडे त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळवून घ्या. ही जुळणी सुरुवातीलाच केली तर वही पुरावा म्हणून कामाला येते.

बिघडतं कुठं

सर्वांत घातक प्रकार म्हणजे अर्धशिक्षिताला एकटं सोडणं. दहाव्या आठवड्यात रात्रपाळीचा सेटर आला नाही की ‘याला येतंय की आता’ म्हणून त्यालाच उभं करतात. एक टर्रेट आपटला की दुरुस्तीचा खर्च तर होतोच, त्याहून मोठं नुकसान म्हणजे तो माणूस पुन्हा कंट्रोलला हात लावत नाही. तक्त्यात ज्या तुकड्याचा गोल पाऊण भरलेला नाही, ते काम रात्री द्यायचं नाही, हा नियम सुपरवायझरच्या टेबलावर चिकटवा.

दुसरं, गुरू रजेवर गेला की तीन-तीन आठवडे खंड पडतो. पर्यायी गुरूचं नाव पत्रातच हवं. तिसरं, पास झाल्यावर ‘पुढच्या एप्रिलमध्ये बघू’ म्हणणं. बाजारात सेटरला काय मिळतं हे शिकलेल्या माणसाला आठ दिवसांत कळतं. तो जातो तो शिकवल्यामुळे जात नाही, शिकवूनही जुन्याच पगारावर ठेवल्यामुळे जातो.

कामगारानं स्वतः मागायचं असेल तर

मालकाकडे जाऊन ‘मला पुढं जायचंय’ एवढंच म्हणू नका. एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: कोणतं काम शिकायचं आहे, ते येणारा माणूस नसल्यामुळे मागच्या तीन महिन्यांत मशीन किती तास बंद राहिली, शिकवायला कोण तयार आहे (त्याला आधी विचारून), आणि आठवड्यातले कोणते तास उत्पादनाला कमीत कमी धक्का देतील. मशीन बंद राहिल्याचे तास रोज वहीत टिपून ठेवले तर हा आकडा कुणाला नाकारता येत नाही. पगाराचा विषय त्याच बैठकीत काढा. पास झाल्यावर काढला तर तो उपकार मागितल्यासारखा वाटतो, आधी काढला तर व्यवहार होतो. उत्तर ‘सध्या नाही’ असं आलं तर एकाच तुकड्यापुरतं मागा, म्हणजे आठवड्याला दोन तास, चार आठवडे, फक्त सॉफ्ट जॉ बोअर करणं. चार आठवड्यांनी बोअर केलेले जॉ, डायलवरचं रीडिंग आणि वही घेऊन पुन्हा जा.